कोपराचं लिगामेंट फाटलं तर: मोठं ऑपरेशन, छोटं ऑपरेशन की नुसती सुई?

भालदार

मी सातारा जिल्ह्यात पोरांना भालाफेक शिकवतो. टोकियोत नीरजनं ८७.५८ मीटर फेकून सुवर्ण आणलं तेव्हापासून मैदानावर भाला मागणारी पोरं वाढली आणि त्यांच्या मागोमाग कोपरं दुखणारीही. सध्या एका सतरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न समोर आहे. कोपराच्या आतल्या अंगाला दुखतं, फेकीला जोर लागत नाही. एमआरआयमध्ये यूसीएल अर्धवट फाटल्याचं आलंय. एक डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून टाका, दुसरे म्हणाले पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेलं इंजेक्शन घ्या, आणि मुलाच्या आजोबांनी गावातल्या हात बसवणाऱ्याला सांगावा धाडला. तो सांगावा मी परत फिरवला. उरलेल्या दोन सल्ल्यांसाठी वाचत बसलो. जे कळलं ते लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

यूसीएल म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा. दंडाच्या हाडाला आतून जो उंचवटा लागतो तिथून निघतं आणि हाताच्या करंगळीकडच्या हाडाला येऊन चिकटतं. फेकताना हात मागून पुढे येतो त्या क्षणी कोपराचा सांधा आतल्या बाजूनं उघडायला बघतो, त्याला हे धरून ठेवतं. बेसबॉलमधल्या पिचरांवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांवर, याची मोजमापं झालीत. एका चेंडूला कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर पीळ येतो. मृतदेहातलं लिगामेंट ताणून पाहिलं तर ते ३२-३४ च्या आसपासच तुटतं. म्हणजे कागदावर दर चेंडूला तुटायला हवं! तुटत नाही, कारण मनगट वाकवणारे आणि पंजा पालथा करणारे हाताचे स्नायू निम्मा भार स्वतःवर घेतात. हे लक्षात ठेवा, सगळा धागा यावरच फिरणार आहे.

आता ऑपरेशनची कथा. १९७४ पर्यंत हे लिगामेंट तुटलं की पिचरचं करिअर संपलं. त्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याचं तुटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला पाल्मारिस लाँगस नावाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढला, कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवला आणि नवं लिगामेंट बनवलं. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी १९७६ मध्ये परत मैदानात आला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या ऑपरेशननंतरचे आहेत. तेव्हापासून ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं.

पण पहिलं ऑपरेशन भलतंच मोठं होतं. आत पोचायला स्नायूंचा गठ्ठा हाडापासून सोडवायचा, कोपराच्या आतल्या अंगानं करंगळीकडे जाणारी अल्नर नस जागेवरून हलवायची. टॉमीलाच नसेच्या त्रासासाठी काही महिन्यांत दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. मग १९९० च्या दशकात स्नायू न सोडवता त्याच्या धाग्यांच्या मधून वाट काढायला सुरुवात झाली, न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड ऑल्टचेक यांनी हाडातली भोकं कमी करणारी 'डॉकिंग' पद्धत आणली, आणि नसेला शक्यतो हात लावायचा नाही असं ठरलं. चिरफाड कमी करण्याची सुरुवात इथून. तरी नवं लिगामेंट रुजायला वेळ लागतोच, वर्ष जातं. अमेरिकेतल्या डॉ. जेम्स अँड्र्यूज यांच्या केंद्रानं ७४३ खेळाडूंचा मागोवा घेतला होता, त्यात ८३ टक्के पूर्वीच्या किंवा वरच्या पातळीवर परतले. आकडा चांगला आहे, पण सतरा वर्षांच्या पोराचं एक वर्ष म्हणजे काय हे इथल्या पालकांना सांगायला नको.

माझा प्रश्न असा: अर्धवट फाटलंय, तर यापेक्षा कमी काही नाही का?

शंकासुर

नीरजचं मुंबईत हेच झालं होतं ना? तो तर ऑलिंपिक जिंकला. मग कशाला एवढा काथ्याकूट, करून टाका.

फिजिओताई

शंकासुर, नाही हो. मे २०१९ मध्ये कोकिलाबेन रुग्णालयात डॉ. दिनशॉ पार्डीवाला यांनी नीरजच्या कोपरातले हाडाचे सुटे तुकडे काढले. त्याचा लिगामेंटच्या फेरबांधणीशी संबंध नाही. म्हणून तर जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून तो टोकियोसाठी पात्र झाला.

आणि पुढे कोणी सचिनचं नाव काढायच्या आत सांगते: त्याचा टेनिस एल्बो होता, कोपराच्या बाहेरच्या बाजूचा, टेंडनचा. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर, त्याला हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. तिघांचं कोपर, तीन वेगळे आजार. माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी 'सचिनला झालं तेच' घेऊन येतं.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात माझा मुलगा हायस्कूलच्या टीमचा पिचर आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर असतो. भालदारदादा, तुम्ही ज्याला 'यापेक्षा कमी' म्हणताय ते इकडे दहा-बारा वर्षांपासून चालू आहे. नवीन लिगामेंट न बनवता फाटलेलं मूळचंच शिवून हाडाला परत चिकटवायचं, आणि त्याच्यावरून एक चपटी मजबूत पट्टी दोन्ही हाडांत ठोकून बसवायची. तिला इंटर्नल ब्रेस म्हणतात. पट्टीवर कोलॅजेनचा लेप असतो. घडानं झुकलेल्या केळीला बांबूचा टेकू देतात तसं काम. भार टेकूवर, तोवर शिवलेलं लिगामेंट भरून येतं. पट्टी मात्र नंतर काढत नाहीत, ती आतच राहते.

अलाबामातल्या डॉ. जेफ्री ड्यूगास यांनी २०१३ मध्ये एका शाळकरी पिचरवर हे पहिल्यांदा केलं. २०१९ मध्ये त्यांनी १११ खेळाडूंचे निकाल छापले: ९२ टक्के आधीच्या किंवा वरच्या पातळीवर परत, सरासरी ६.७ महिन्यांत. वर्षाऐवजी सात महिने!

आमच्याकडचं गाजलेलं उदाहरण ब्रॉक पर्डी, अमेरिकन फुटबॉलमधल्या फोर्टीनाइनर्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. जानेवारी २०२३ च्या शेवटी सेमीफायनलच्या तोडीच्या सामन्यात यूसीएल फाटलं, मार्चमध्ये टेक्सासला डॉ. कीथ माइस्टर यांनी ब्रेस घालून शिवलं, सप्टेंबरमध्ये सीझनचा पहिला सामना खेळला आणि फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात होता. त्या वर्षी आमच्या ऑफिसात अस्थिरोगतज्ज्ञांचा सुकाळ झाला होता.

शंकासुर

मग हे सोपं होतं तर १९७४ साली त्या टॉमीचंच का नाही शिवलं? मूळचं शिवण्याची कल्पना तर पहिल्यांदा सुचायला हवी.

हाडांचा_डॉक्टर

शंकासुर, यावेळी प्रश्न नेमका विचारलात.

सुचली होती. जोब यांच्याच गटाचा १९९२ चा अहवाल आहे. त्यात ज्यांचं मूळ लिगामेंट नुसतं शिवलं त्या १४ जणांपैकी ७ जण परतले, आणि ज्यांचं टेंडन घालून नव्यानं केलं त्या ५६ पैकी ३८. या आकड्यांनंतर शिवणं जवळजवळ बंदच पडलं. पण ते रुग्ण कोण होते ते बघा: व्यावसायिक पिचर, वर्षानुवर्षं फेकून ज्यांचं लिगामेंट पूर्ण लांबीत झिजलेलं. असल्या चिरगुटाला टाका घातला तर टाका टिकतो, कापड फाटतं.

मग २००८ मध्ये डॉ. फेलिक्स सव्हॉय यांनी ६० तरुण खेळाडूंचे निकाल दाखवले. या पोरांचं लिगामेंट मधे ठणठणीत, फक्त एका टोकाला हाडापासून सुटलेलं. त्यांचं नुसतं शिवलं आणि ९३ टक्क्यांना चांगला ते उत्तम निकाल मिळाला. ड्यूगास यांच्या मालिकेतलेही बहुतेक शाळा-कॉलेजच्या वयाचे आहेत. म्हणून ते ९२ टक्के वाचताना कोणाचे ९२ टक्के हे विचारा. आधीच निवडून घेतलेल्यांचे आहेत ते.

भालदार, यातून तुमच्यासाठी कामाचं एवढंच: फाटलंय कुठे, वरच्या टोकाला, मधे की खालच्या? बाकीचं लिगामेंट कसं आहे? रिपोर्टमध्ये 'अर्धवट' एवढंच असेल तर तो रिपोर्ट निम्माच आहे. वरच्या टोकाचे अर्धवट फाटे ऑपरेशनशिवाय बरे होण्याकडे कल असतो, खालच्या टोकाचे दगा देतात. शिवाय काही दुखत नसलेल्या पिचरांचे एमआरआय काढले तरी बऱ्याच जणांच्या यूसीएलमध्ये बदल दिसतात. फिल्म बघून कोपर कापायचं नसतं.

कोपरखळी

माझं नाव घेऊन एवढी चर्चा आणि मला आमंत्रण नाही?

पीआरपीबद्दल कोणीतरी बोला. आमच्या गल्लीत गुडघा, केस, टाच, सगळ्याला पीआरपीच देतात.

हाडांचा_डॉक्टर

बोलतो. रुग्णाचं स्वतःचं रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, प्लेटलेट जास्त असलेला थर वेगळा करायचा आणि सोनोग्राफीत बघत लिगामेंटमध्ये सोडायचा. प्लेटलेटमधली द्रव्यं भरून येण्याला चालना देतात अशी कल्पना.

२००८ मध्ये डॉजर्सच्या ताकाशी साइतोला यूसीएलसाठी हे दिलं गेलं आणि तो त्याच सीझनला परतला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या मासाहिरो तानाकाचं अर्धवट फाटलं. पीआरपी आणि विश्रांती घेऊन दोन-अडीच महिन्यांत परत, आणि पुढे २०२० पर्यंत यांकीजकडून त्याच कोपरावर खेळला, यूसीएलच्या ऑपरेशनशिवाय. दुसऱ्या बाजूला शोहेई ओतानी: जून २०१८ मध्ये पीआरपी आणि स्टेम सेल दोन्ही दिलं, ऑक्टोबरमध्ये टॉमी जॉन करावंच लागलं. तारे बघून निर्णय घेऊ नये म्हणतात ते यासाठी.

आता अभ्यास. २०१३ मध्ये ३४ जणांवरचा एक आला: अर्धवट फाटलेल्यांना एक इंजेक्शन, ३० जण परत, सरासरी १२ आठवड्यांत. सगळ्या दवाखान्यांच्या पत्रकात हाच आकडा असतो. तुलनेला इंजेक्शन न दिलेला गट त्यात नव्हता हे पत्रकात नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ५४४ व्यावसायिक खेळाडूंची नोंद तपासली, त्यातल्या १३३ जणांना पीआरपी दिलेलं. न दिलेल्यांपेक्षा त्यांचा निकाल सरस आला नाही. माझं मत: नुकसान फारसं नाही, पण ती मुख्य चिकित्सा नाही. मुख्य चिकित्सा फिजिओताई सांगतील ती.

दोन इशारे. स्टिरॉइडचं इंजेक्शन लिगामेंटमध्ये घेऊ देऊ नका. आज बरं वाटेल, पण ऊती कमकुवत होते. वर २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कुठल्याही मार्गानं घेतलेलं स्टिरॉइड इंजेक्शन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे, पोरगं डोपिंगमध्ये अडकेल. पीआरपीवर बंदी नाही. आणि कोणी 'स्टेम सेल'चं पॅकेज सांगितलं तर सरळ उठून या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा दुखापतींसाठी ते मान्य उपचार नाहीत, मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत.

तालीमवाला

कोल्हापूरहून. आमच्यात फेकाफेकी नाही पण कोपरं आमचीही जातात. पैलवान हात टेकून पडला की कोपर निखळतं, लिगामेंटं तुटतात ती दोन्ही बाजूंची. इथं पूर्वी सांधा बसवला की महिना-दीड महिना प्लास्टर आणि मग तेल लावून रगडणं. हात कधी सरळ झालेला बघितला नाही. नवीन डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांत हलवायला लावतात, ते बरोबर का?

हाडांचा_डॉक्टर

अगदी बरोबर. हाड मोडलेलं नसेल आणि बसवल्यावर सांधा जागेवर टिकत असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. थोडे दिवस आधार, मग लवकर हालचाल. तीन आठवड्यांच्या पुढे बांधून ठेवलं की कोपर आखडतं. आणि चोळणं तर नकोच नको. मार लागलेल्या कोपराला जोरात रगडलं की स्नायूंमध्ये हाड तयार होऊ शकतं, मग ते काढायला ऑपरेशन. भालदारांनी सांगावा परत फिरवला यात मुलाचं निम्मं काम झालं.

तालीमवाला

आमच्या वस्तादांना हे वाचून दाखवतो. म्हणजे प्रयत्न करतो.

फिजिओताई

माझी पाळी. सगळ्यात कमी चिरफाडीचा उपाय म्हणजे फेकणं थांबवून स्नायू बांधणं, आणि तो कोणालाच आवडत नाही कारण त्याचा फोटो काढता येत नाही. २००१ च्या एका अभ्यासात ३१ खेळाडूंना फक्त विश्रांती आणि व्यायाम दिले, ४२ टक्के पूर्वपदावर आले, सरासरी साडेचोवीस आठवड्यांत. लोक म्हणतात फक्त ४२? त्यात सगळ्या तऱ्हेचे फाटे एकत्र होते. योग्य फाटा निवडला तर चित्र सुधारतं.

भालदारदादांनी सुरुवातीला स्नायू भार वाटून घेतात लिहिलंय, व्यायामाचं सगळं तिथेच आहे. सहा ते बारा आठवडे फेक पूर्ण बंद. खोटी फेकसुद्धा नाही, पोरं आरशासमोर हात फिरवतात. सुरुवातीपासून मनगट वाकवण्याचे, पंजा पालथा करण्याचे, पकडीचे व्यायाम, वेदनेच्या आत राहून. त्याचबरोबर खांदा, पाठ, कंबर आणि पुढचा पाय. भाल्याची ताकद जमिनीतून येते. पुढचा पाय वाकला की राहिलेली ताकद पोरगं हातातून काढतं आणि ती कोपराला महागात पडते. हात बाजूनं गोल फिरवत फेकणारी पोरं माझ्याकडे जास्त येतात.

परत फेकायला लागायचं तेव्हा क्रम ठेवा: आधी हलका चेंडू जवळून, मग जागेवर उभं राहून भाला, मग तीन पावलं, पूर्ण धाव सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी दुखलं तर एक पायरी मागे. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या तर ती नस आहे, थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

एक विचारू? मुलगा सतराचा आहे तर भाला कितीचा फेकतोय?

भालदार

अठरा वर्षांखालच्या गटाला ७०० ग्रॅम आहे. पण पुढच्या गटाची तयारी म्हणून गेल्या हंगामापासून ८०० वरच सराव चालला होता त्याचा, सकाळ-संध्याकाळ.

फिजिओताई

मग एमआरआयमधलं कारण तिथेच सापडलं तुम्हाला.

सॅनहोजेकर

इकडे याच कारणानं पिचस्मार्ट नावाचे नियम आले २०१४ मध्ये. सतरा-अठराच्या मुलाला दिवसाला कमाल १०५ चेंडू, आणि किती टाकले त्यावर सक्तीची विश्रांती. जपानमध्ये हायस्कूलच्या कोशिएन स्पर्धेत २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आहे. तरी पालक ऐकत नाहीत. २०१२ मध्ये एक सर्वेक्षण छापलं होतं, त्यात निम्म्या हायस्कूल खेळाडूंना वाटत होतं की कोपर धडधाकट असतानाही टॉमी जॉन करून घ्यावं, म्हणजे चेंडू जोरात जाईल! माझ्या मुलाच्या टीममध्ये एका बापानं कोचला हे गंभीरपणे विचारलंय. भाल्याला अशी काही मोजणी असते का?

भालदार

वयाप्रमाणे वजन ठरलेलं असतं, सरावातल्या फेकी मोजत नाही कोणी. आम्ही मैदानावर आता वही ठेवलीय, प्रत्येकाच्या फेकी त्यात लिहायच्या. जोराची फेक आणि हलकी फेक वेगवेगळी.

रिपोर्ट परत वाचून घेतला एका ओळखीच्या रेडिओलॉजिस्टकडून. फाटा वरच्या टोकाला आहे, साधारण निम्म्या जाडीचा, खालचं टोक चिकटलेलं. त्यांनी कोपरावर ताण देत सोनोग्राफी करून बघू म्हटलंय, सांधा दुसऱ्या हातापेक्षा किती उघडतो ते कळेल.

हाडांचा_डॉक्टर

छान. फार उघडत नसेल तर तीन महिने व्यायामाला द्या आणि मगच ऑपरेशनचा विषय काढा. पीआरपी घ्यायचं की नाही हे तुमच्या खिशावर, माझा आग्रह नाही. सूज आणि वेदनेच्या गोळ्या चालू असतील तर इंजेक्शनच्या आधी-नंतर त्या बंद ठेवायला सांगतात, तेवढं विचारून घ्या. तीन महिन्यांनी फेकताना परत दुखलं आणि लिगामेंट तोवर चांगलं राहिलं असेल, तर शिवून ब्रेस घालण्यासाठी तो चांगला उमेदवार ठरेल. थांबल्यानं तो रस्ता बंद होत नाही, फक्त दुखऱ्या कोपरानं फेकत राहायचं नाही.

ज्यांचं लिगामेंट मधूनच झिजलंय त्यांच्यासाठी मात्र आजही टेंडन घालून फेरबांधणीच. आता त्यावरही पट्टीचा आधार देतात काही सर्जन.

शंकासुर

ती पट्टी आत राहते म्हणता. वीस वर्षांनी काय होतं तिचं?

हाडांचा_डॉक्टर

पहिली २०१३ ला बसली. वीस वर्षं २०३३ ला होतील, तेव्हा विचारा. हाडात पुन्हा भोकं पाडून फेरबांधणी करायची वेळ आली तर करता येते एवढं निश्चित.

कोपरखळी

तो पाल्मारिस का काय, तो टेंडन काढून घेतल्यावर हात अधू होत नाही का?

फिजिओताई

नाही. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट थोडं वाकवा. मनगटाच्या मधोमध वर आलेली दोरी दिसते ना, तीच. साधारण १५ टक्के लोकांना ती जन्मतः नसतेच आणि त्यांचं काही अडत नाही. नसेल तर मांडीचा ग्रॅसिलिस वापरतात.

तालीमवाला

आमच्या अख्ख्या तालमीनं आत्ता हात वाकवून बघितले. दोघांना नाही.

कोपरखळी

मला उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही! बरं, माझं कोपर माउस धरून धरून दुखतंय, बाहेरच्या बाजूला. ब्रेस बसवू का?

फिजिओताई

बाहेरच्या बाजूला म्हणजे टेनिस एल्बो. नवीन धागा काढा, हा फेकणाऱ्यांचा आहे.